आधी गाणं मोजा, मग कॅमेरा काढा

प्रश्न : मी कल्याणला राहते, बीएएमएमसीच्या (मल्टिमीडिया आणि जनसंवादाच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या गटाला एक म्युझिक व्हिडिओ आणि त्यासोबत माध्यम-सिद्धांतांवर अहवाल द्यायचा आहे. गाणं वर्गातल्या मित्राचंच आहे. नोकरीसाठी पहिल्यांदा घर सोडणाऱ्या मुलीचं. दोन मोबाइल, बारा हजार रुपये आणि दोन महिने हाताशी आहेत. सीनियर म्हणतात, आधी शूट उरका, थिअरी नंतर चिकटवता येते. आईबाबांना हे सगळे रिकामे उद्योग वाटतात. यातून पुढे काम मिळतं का?

उत्तर : सीनियर मंडळींचा सल्ला सोडून दे. नंतर चिकटवलेली थिअरी लगेच ओळखू येते, कारण तिच्यामुळे एकही शॉट बदललेला नसतो. अहवालात आठ विचारवंत कोंबू नका. दोन घ्या, फार तर तीन, आणि ते शॉटलिस्ट, म्हणजे घ्यायच्या शॉटची यादी, लिहितानाच घ्या.

पहिला माध्यम-अभ्यासक अँड्र्यू गुडविन. १९९२ साली त्याने म्युझिक व्हिडिओची जी वैशिष्ट्यं मांडली, त्यांतलं शब्द आणि दृश्य यांचं नातं तुमच्या सर्वांत उपयोगाचं. दृश्य शब्दांचं नुसतं चित्र काढतं, त्यांत भर घालतं किंवा त्यांच्या विरुद्ध जातं. समजा, ओळ आहे ‘घर मागे राहिलं’. बंद दाराचा शॉट म्हणजे नुसतं चित्र. ऑफिसच्या बॅगेत लॅपटॉपशेजारी घराची किल्ली, ही भर. आणि हीच ओळ चालू असताना ती होस्टेलच्या खोलीत मैत्रिणींबरोबर पोट धरून हसते आहे, हा विरोध. विद्यार्थ्यांच्या बहुतेक व्हिडिओंत पाऊस म्हटलं की पाऊस आणि डोळे म्हटलं की डोळे दिसतात. प्रत्येक ओळीपुढे चित्र, भर की विरोध ते लिहा. निम्म्याहून जास्त ठिकाणी ‘चित्र’ आलं तर यादी पुन्हा करायला बसा.

दुसरी चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी. पडद्यावरच्या बाईकडे पुरुषाच्या नजरेतून पाहिलं जातं, हे तिचं १९७५ मधलं म्हणणं तुम्हाला शिकवलं असेलच. ते वापरायचं असं : शॉटलिस्टमध्ये ‘कोण पाहतंय?’ असा एक रकाना काढा. नायिकेची ओळख आधी पैंजण, मग केस, मग ओठ अशी तुकड्यातुकड्यांनी होत असेल, तर त्या रकान्यात कोणाचंच नाव लिहिता येणार नाही. तिथे तिची स्वतःची नजर आणा : ती काय बघते, कशावर थांबते. आता गंमत बघ. रेकॉर्ड कंपनीला कलाकार विकायचा असतो म्हणून त्याचे क्लोजअप भरपूर लागतात, हेही गुडविनने नोंदवलं आहे. म्हणजे क्लोजअप हवाही आहे आणि अडचणीचाही आहे. हा पेच तुम्ही कोणत्या शॉटमध्ये कसा सोडवला, हाच अहवालाचा गाभा. व्याख्यांना एक पान पुरे.

आता मोजणी. संगीतकाराला गाण्याचा टेम्पो विचारा. समजा मिनिटाला १०० ठोके आहेत. एक ठोका ०.६ सेकंदाचा, चार ठोक्यांचा बार २.४ सेकंदांचा. ३ मिनिटं १२ सेकंदांच्या गाण्यात असे ८० बार बसतात. सेकंदाला २५ फ्रेमनी शूट केलंत तर एका ठोक्याला बरोबर १५ फ्रेम येतात. शॉटलिस्टचा तक्ता करा आणि त्यात बारचा क्रमांक, ओळ, शॉट, नातं, नजर एवढे रकाने ठेवा. दर बारला कट मारण्याचा मोह होतो, पण मग मिनिटभरात डोळा कंटाळतो. अंतऱ्यात एखादा शॉट चार बार, म्हणजे साडेनऊ सेकंद, टिकवून पाहा. धृपदात अर्ध्या बारावर कापा.

२५ फ्रेमच का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर, म्हणजे एक फ्रेम टिपण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये दोन लुकलुकी पूर्ण मावतात आणि उजेड सारखा राहतो. मोबाइलवर सहसा ३० फ्रेम आधीच लावलेल्या असतात. त्यासोबत शटर १/६० झालं की भिंतीवर काळे पट्टे सरकताना दिसतात. शिवाय बरेच मोबाइल फ्रेमचा वेग आपोआप कमीजास्त करतात, म्हणून सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी सुटतात. वेग कायम ठेवणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा. तरीही फरक राहिला तर एडिटच्या आधी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ-रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून घ्या.

शूटच्या दिवशी गाणं स्पीकरवर मोठ्याने वाजवा, सुरुवातीला चार बीप जोडा आणि कॅमेऱ्याचा आवाज चालू ठेवा. सिंक, म्हणजे आवाज आणि चित्र जुळवणं, त्यावरूनच होतं. गाणारीने खरोखर गायचं. नुसते ओठ हलवले तर गळा हलत नाही आणि खोटेपणा पकडला जातो. स्लोमोशनमध्येही ओठ जुळायला हवे असतील तर गाणं दुप्पट वेगाने वाजवा, ५० फ्रेमनी शूट करा आणि २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने ठेवा. ओठ गाण्याबरोबर राहतात, ओढणी मात्र संथ उडते.

एक घोळ हमखास होतो : शूट झाल्यावर संगीतकार ‘फायनल मिक्स’ पाठवतो आणि टेम्पो किंचित बदललेला असतो. आवाजाची पातळी बदलली तर चालेल, लांबी बदलायची नाही, हे त्याला आधीच बजावा.

लोकलचे शॉट तुमच्या डोक्यात असणारच. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते, ती नसेल तर फलाट सोडा. स्टेशनकडे जाणारी गल्ली आणि ध्वनी-पार्श्वभूमीत गाडीचा आवाज पुरतो. पैसे आधी जेवण, प्रवास आणि जादा हार्ड डिस्कला ठेवा, उरले तर एक एलईडी लाइट भाड्याने आणा.

शूटच्या आठवडाभर आधी तक्त्यातल्या प्रत्येक शॉटचं चौकटीत साधं चित्र काढून त्यांचे मोबाइलवर फोटो घ्या आणि गाण्यावर क्रमाने लावा. गटाबाहेरच्या सहा जणांना दाखवून फक्त ‘हिचं काय झालं?’ एवढंच विचारा. इथे प्रेक्षक अर्थ कसा लावतात हे मांडणारा माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल कामाला येतो : कोणी तुमचाच अर्थ घेतला, कोणी अर्धा मानला, कोणी उलटा लावला, ते लिहून ठेवा. सहापैकी चौघांना ती घरातून पळून गेली असं वाटलं, तर एखादा शॉट बदलायलाच हवा.

कामाचं म्हणशील तर एका व्हिडिओवर दिग्दर्शक म्हणून कोणी घेत नाही. सुरुवात सहायक एडिटर किंवा सहायक दिग्दर्शक म्हणून होते आणि तिथे वेळेचा हिशेब, फाइलींची शिस्त आणि ओठ जुळवता येणं, हेच पाहतात. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या प्रकल्पाला पुरेशी आहे, त्यावर हात बसव. मुलाखतीला स्वतःच्या कामाची साठ सेकंदांची रील आणि हा तक्ता ने. आईबाबांनाही तक्ताच दाखव. व्हिडिओपेक्षा त्यातून काम जास्त दिसतं.

आणि गीतकार, संगीतकार, गायिका या तिघांची लेखी परवानगी आत्ताच घे. उद्या तेच गाणं एखाद्या लेबलला (रेकॉर्ड कंपनीला) दिलं गेलं, तर यूट्यूबवर तुमच्याच व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो.