बंद खिडकीतलं ऊन

प्रश्न : आमच्या पश्चिमेच्या सरकत्या खिडकीला ५ मिमीची साधी पारदर्शक काच आहे. सासूबाई रोज संध्याकाळी खिडकी लावून तिथे तासभर उन्हात बसतात, तरी 'ड' जीवनसत्त्व कमीच येतं. त्याच उन्हानं सोफ्याचा रंग मात्र उडाला. मग काच अतिनील किरण अडवते की नाही?

उत्तर : काही अडवते, काही सोडते. त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे किरण साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे यूव्ही-बी (यूव्ही म्हणजेच अतिनील). साधी काच ते जवळपास सगळे अडवते. ३१५ ते ४०० नॅनोमीटरच्या यूव्ही-एपैकी मात्र निम्म्याहून जास्त आत येतात. त्यांनी त्वचा काळवंडते, सुरकुतते, कापडाचा रंग विटतो. 'ड' मात्र मिळत नाही.

सासूबाईंसाठी नुसती खिडकी उघडूनही भागणार नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात यूव्ही-बी फारच थोडे उरतात. सोपी खूण : आपली सावली उंचीपेक्षा लांब असेल, तर ते ऊन या कामाचं नाही. दुपारच्या आसपास हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ थेट उन्हात बसावं, त्वचा लाल होण्याआधी उठावं. कमतरता असल्याने डॉक्टरांनी दिलेली औषधं थांबवू नयेत.

आता सोफा. काच टफन, म्हणजे मजबूत, केल्यानं यात फरक पडत नाही. टफन करताना ती फक्त तापवून झटकन थंड केलेली असते. फरक पडतो लॅमिनेटेड काचेनं. तिच्या दोन पानांमध्ये ०.३८ मिमीचा पीव्हीबी या पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असतो आणि तो सुमारे ९९ टक्के अतिनील किरण अडवतो. पण ३+३ची, म्हणजे ३ मिमीच्या दोन पानांची, लॅमिनेटेड काच ६.३८ मिमी भरते. ५ मिमीसाठी केलेल्या सेक्शनच्या, म्हणजे चौकटीच्या पट्टीच्या, खाचेत ती बसेलच असं नाही, शिवाय दर चौरस मीटरला जवळपास तीन किलो वजन वाढतं. रोलर ते पेलतील का, हे आधी खिडकी बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला विचारा.

दुकानात काच पारखायची असेल तर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च न्या. डिटर्जंटनं धुतलेला पांढरा रुमाल त्याच्या उजेडात निळसर चमकतो. मध्ये साधी काच धरली तरी तो चमकतच राहतो, लॅमिनेटेड धरली की विझतो. ३९५ नॅनोमीटरचा स्वस्त टॉर्च इथे फसवतो. त्याचा जांभळा उजेड पीव्हीबीतूनही बराच जातो आणि चांगली काच खराब ठरते.

काच बदलायची नसेल तर आतून पारदर्शक यूव्ही फिल्म लावता येते. 'यूव्ही ९९ टक्के' हा आकडा बहुधा ३८० नॅनोमीटरपर्यंतचाच असतो. रंग दिसणाऱ्या उजेडानं आणि उष्णतेनंही उडतो, त्यामुळे फिल्मनंतरही तो उडेल, फक्त सावकाश. दुपारनंतर पडदा हवाच. गडद, उष्णता शोषणारी फिल्म टफन न केलेल्या काचेवर लावू नका. अर्धी काच सज्जाच्या सावलीत गार आणि अर्धी उन्हात तापलेली असली, की ती कडेपासून तडकते.