आधी मला नक्की चूक उत्तर सांग

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडे समुपदेशनाला दहावीच्या मुलांच्या आया यायला लागतात आणि बहुतेक जणींचं वाक्य इतकं सारखं असतं की वाटतं बाहेर बाकावर बसून पाठ करून येतात की काय. "मॅडम, थिअरी सगळी येते हो, फॉर्म्युले झोपेतून उठवून विचारा, पण न्युमेरिकल दिसलं की पेन थांबतं." कुणी साताऱ्यातलीच, कुणी कोरेगावची, एक आई तर दुबईहून व्हिडिओ कॉलवर होती, वाक्य तेच. आणि त्याच्या मागोमाग येणारा प्रश्नही तोच, क्लास बदलू का?

आता मी काही फिजिक्सची बाई नाही. बारावीला मी स्वतः फिजिक्समध्ये काठावर पास झालीये, सायकॉलॉजीला गेले त्यामागे हेही एक कारण होतं, लपवत नाही. पण इतक्या वर्षांत इतकी मुलं याच एका तक्रारीसाठी समोर बसली की मला आता काही गोष्टी दिसायला लागल्यात, ज्या क्लासच्या सरांना साठ मुलांच्या बॅचमध्ये दिसणं शक्य नाही. म्हणून आज सानिकाबद्दल लिहितीये. नाव बदललंय, घरचे तपशीलही इकडचे तिकडे केलेत आणि पाच-सहा भेटी एकात दाबून बसवल्यात.

सानिका वाईजवळच्या गावातली, सेमी इंग्लिश, वर्गात पहिल्या पाचात. सहामाहीला विज्ञान भाग 1 ला 40 पैकी 19. बाकी सगळीकडे उत्तम. आई म्हणाली, आळशीपणा करते. सानिका काही बोलली नाही, नखं कुरतडत बसली. आईला बाहेर बसवलं आणि विचारलं,

"गणित वाचल्यावर नेमकं काय होतं गं?"

"काहीच होत नाही ताई. तेच तर."

"पण काहीतरी करत असशील ना?"

"फॉर्म्युला शोधते. गतीचं असलं तर तीन आहेत, त्यातला कुठला ते बघते. लगेच नाही सापडला की..."

"की?"

"की वाटतं आता सगळ्यांना कळणार."

"काय कळणार?"

बराच वेळ गेला. मग म्हणाली, "की मी हुशार नाहीये. मी पाठ करून मार्क आणते."

हे वाक्य ऐकलं आणि मी वही मिटली, कारण दुखणं सापडलं होतं. फिजिक्सचं नव्हतंच ते. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या शाळेतली, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण मनात काय बोलतो ते जास्त छळतं असं मानणारी, आणि मराठीत तर आपल्याकडे या छळासाठी एक अक्षरच आहे, 'च'. उत्तर लगेच यायलाच पाहिजे. हुशार मुलीला आलंच पाहिजे. नाही आलं तर मी ढच. तीन ओळींचं गणित, पण सानिका ते वाचत असताना आतून हे तीन 'च' ओरडत होते, मग गाडीचा वेग किती आणि ब्रेक कधी मारला हे ऐकू येणार कसं? डोक्यातली सगळी जागा भीतीने अडवलेली. त्यात फॉर्म्युला ही हातात धरायला सगळ्यात जवळची काठी, म्हणून ही मुलं गणित पूर्ण वाचायच्या आधीच फॉर्म्युल्यावर झडप घालतात. आकडे दिसले की कोंबायचे. वस्तुमान किलोत आहे की ग्रॅममध्ये, वेग तासाचा आहे की सेकंदाचा, बघायचं कुणी?

पहिल्या दोन भेटी मी नेहमीसारखं बोलत राहिले, 'च' काढून वाक्य म्हणून बघ वगैरे. ती छान मान डोलवायची. हुशार मुलांचं हे एक असतं, समुपदेशनसुद्धा पाठ करतात. वहीत तिने लाल पेनाने लिहून आणलं होतं, 'मला उत्तर लगेच आलंच पाहिजे असं नाही'. अक्षर सुंदर. चाचणीत परत गणितं कोरी.

तिसऱ्या वेळी मी तिला म्हटलं, पुस्तक काढ, आत्ता इथे एक गणित करू. खरं सांगायचं तर मलाच काही सुचत नव्हतं म्हणून. तिने उष्णतेच्या धड्यातलं काढलं. 5 किलो पाणी 80 अंशांवर, 10 किलो पाणी 20 अंशांवर, एकत्र केलं, तापमान किती होईल? उष्णता बाहेर जात नाही असं धरा. तिने फॉर्म्युला लिहिला, सुबक, अधोरेखित केला, आणि थांबली. मान खाली. मला तो श्वास ओळखू येतो आता, अर्धा आत अर्धा बाहेर.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं ते राहू दे. मला याचं एक नक्की चूक उत्तर सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे असं उत्तर, की वर्गात कुणी दिलं तर तुला हसू येईल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की ताईंचं काहीतरी बिघडलंय. मग हळूच, "शंभर?"

"का चूक?"

"80 चंच पाणी आहे ना, त्यात गार ओतलं तर उकळेल कसं!"

"अजून एक सांग."

"दहा. पाच. 90. वजा चार." आता ती हसत होती. माझ्या खोलीत पहिल्यांदा.

"मग बरोबर उत्तर राहतं कुठे?"

"20 आणि 80 च्या मधे कुठेतरी."

"म्हणजे 50?"

"50 नाही ना ताई, गार पाणी जास्त आहे, विसण जास्त पडलं की पाणी कोमटच होणार..." आणि ती थांबली. तोंडातून विसण शब्द गेला आणि ती स्वतःच त्याच्याकडे बघत राहिली.

मग कळलं की घरी आजोबा दोन वर्षं अंथरुणावर आहेत, अर्धांगवायू, आणि त्यांच्या अंघोळीचं पाणी रोज सकाळी शाळेच्या आधी हीच काढते. तांब्याचं घंगाळ, त्यात आधी गार पाणी, मग चुलीवरचं कढत. आजोबांना एका बाजूला गरम-गार कळत नाही म्हणून तिलाच जपावं लागतं.

"कधी भाजलं त्यांना?"

"नाही हां ताई!" चक्क चिडली.

"थर्मामीटर लावतेस?"

"छे, अंदाज असतो."

"मग हे पुस्तकातलं पाणी काय वेगळं आहे?"

पुढचं जे झालं ते मी नुसतं बघत होते. पेन्सिल घेतली, फॉर्म्युल्याकडे बघितलंच नाही, आणि स्वतःशी बोलल्यासारखं, गरमातनं जेवढी गेली तेवढीच गारात आली, गार आहे दुप्पट, म्हणजे गार जेवढं चढेल त्याच्या दुप्पट गरम उतरणार, दोघांत अंतर 60, मग एक 40 उतरलं आणि एक 20 चढलं. "40 येतंय ताई. चाळीसच येतंय!" मग फॉर्म्युल्यात आकडे घातले, परत 40. दोनदा तपासलं. मला आजही तिचा तो आवाज आठवतो आणि हो, मला त्या दिवशी माझा स्वतःचा जरा अभिमान वाटला, घरी जाताना कंदी पेढे घेऊन गेले.

त्या रात्री विचार करत बसले की हे झालं काय. मी तिला बरोबर उत्तर मागत होते तोपर्यंत ती परीक्षेला बसलेली होती, चूक मागितलं आणि परीक्षाच रद्द झाली. चूक उत्तर द्यायला कुणाला भीती वाटेल? पण नक्की चूक कुठलं हे सांगायचं तर मुलाला गणितातली घटना बघावीच लागते, पाणी ओतलं जातंय, गाडी थांबतेय, फॉर्म्युल्याच्या आड लपता येत नाही. म्हणजे जे मी दोन भेटी तोंडाने सांगत होते, चुकण्याची परवानगी, ते तिला एका वेड्या प्रश्नाने हातात मिळालं. सांगून पटत नाही, करून पटतं, हे एलिसही म्हणायचाच, मी विसरले होते.

तेव्हापासून हाच प्रश्न मी जवळपास प्रत्येकाला विचारते आणि फिजिक्सच्या बहुतेक धड्यांत तो चालतो, हे मला सरांकडून तपासून घ्यावं लागलं, पण चालतो. समजा 6 ओहम आणि 12 ओहमचे रोध समांतर जोडलेत. नक्की चूक काय? 18, कारण ती झाली एकसर, म्हणजे एकामागोमाग जोडल्यावरची बेरीज. 9 पण चूक, कारण विजेला जायला आणखी एक वाट मिळाली की अडथळा कमीच होणार, म्हणजे 6 च्याही खाली यायला हवं. मग आकडेमोड करा, 4 येतं, बसतंय. भिंगाच्या गणितात तर याने सोनंच होतं, कारण तिथे सगळी मारामारी चिन्हांची. नाभीय अंतर 20 सेंमी, वस्तू 30 वर, बहिर्वक्र भिंग. मुलं वस्तूच्या अंतराला वजा द्यायचं विसरतात आणि उत्तर येतं 12, सगळं अगदी नीटनेटकं मांडून. पण आधीच विचारलं असेल की वस्तू 20 आणि 40 च्या, म्हणजे नाभीय अंतर आणि त्याच्या दुपटीच्या, मधे आहे तर प्रतिमा कुठे असूच शकत नाही, तर मूल सांगतं की 40 च्या अलीकडे नाही, आणि मग 12 आलं की स्वतःच भुवई वर करतं. वजा घातला की 60. दुसऱ्या कुणी लाल रेघ मारायच्या आत आपली चूक आपण पकडायची, यात मुलांना भारी मजा येते.

एक नववीचा मुलगा होता, वडील एसटीवर ड्रायव्हर. गाडी ताशी 72 किलोमीटरने चाललीये, ब्रेक सारखाच दाबून 5 सेकंदांत थांबते, थांबेपर्यंत किती अंतर जाईल? तो तीन समीकरणांत अडकलेला. मी विचारलं, ब्रेक मारलाच नाही तर? 72 म्हणजे सेकंदाला 20 मीटर, पाच सेकंदांत 100. म्हणजे 100 नक्की चूक. वेग सारखा सारखा कमी होत शून्यावर आला म्हणजे सरासरी 10, अंतर 50 मीटर. वडील शेजारी बसले होते, गप्प, ते एकदम म्हणाले, "पावसात 50 धरू नको हां." पोराने बापाकडे जे पाहिलं! त्या दोघांचं बाकीचं समुपदेशन तिथून सोपं झालं, ते पुन्हा कधीतरी.

आता पालकांसाठी, कारण वाचणार तुम्हीच. क्लास बदलायच्या आधी आठ दिवस एवढंच करा की मूल गणिताला बसलं की "आलं का उत्तर?" हे विचारणं बंद. त्याऐवजी विचारा, काय चाललंय त्या गणितात? तुम्हाला फिजिक्स येत नसेल तर उत्तमच, कारण मग मुलाला खरंच समजावून सांगावं लागतं. सोडवलेली गणितं वाचून अभ्यास झाला असं मानू नका, वाचताना प्रत्येक पायरी पटते, कोऱ्या कागदावर पहिली पायरी सुचायला लागते आणि तीच कधी केलेली नसते. दिवसाला वीस गणितं नकोत, तीन पुरे, पण उत्तराच्या आधी समासात एक ओळ, उत्तर काय असू शकत नाही. आणि शेजारच्याचा मुलगा कसा फटाफट सोडवतो हे कृपा करून सांगू नका, तो फटाफट सोडवत असेल नाहीतर फटाफट चुकत असेल, तुम्हाला काय माहीत.

आणि दरवेळी दोष मनाचाच असतो असंही नाही, हे मी आमच्याच धंद्याविरुद्ध सांगतीये. मागच्या वर्षी एका मुलाबरोबर मी चार भेटी भीतीवर घालवल्या आणि मग लक्षात आलं की त्याला एक छेद वीस वजा एक छेद तीस हे करताच येत नाही. अपूर्णांक सहावीपासून कच्चे, कुणी पाहिलंच नव्हतं. त्याला माझी गरज नव्हती, गणिताच्या बाईंची होती. लाज वाटली मला, फी परत केली.

सानिकाला पूर्वपरीक्षेत 40 पैकी 29 पडले. आईला 35 हवे होते, त्यावर आम्ही आईशी वेगळं बोललो. शेवटच्या भेटीला ती एकटीच आली, बसने, वही छातीशी धरून. म्हणाली,

"ताई, तो 40 पण चूक आहे."

"कुठला 40?"

"आपल्या पाण्याचा. घंगाळ पण तापतं ना! ते आपण धरलंच नव्हतं. वजनकाट्यावर ठेवलं मी, 3 किलो भरलं." वही उघडून दाखवली. समासात लिहिलेलं, 40 नाही, 40 पेक्षा जास्त तर नाहीच. खाली तांब्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे किलोभर तांबं एक अंश तापायला किती उष्णता लागते ते, घंगाळ आधीच्या गार पाण्याइतकंच 20 अंशांवर धरलेलं, आणि उत्तर 39.6 च्या थोडं वर. "अर्ध्या अंशाचापण फरक नाही पडत. पण पडतो."

मग विचारलं, थंडीत त्याच घंगाळातलं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीपेक्षा लवकर निवतं असं आजी म्हणते, ते खरं का? मी म्हटलं, मला नाही माहीत गं, सरांना विचार. "सरांनापण नक्की माहीत नाहीये," ती म्हणाली, "मीच बघणारे रविवारी, दोन्हीत सारखं पाणी घेऊन. बादली मामाकडून आणलीये."