मोठ्या साखळी हार्डवेअर दुकानांपेक्षा छोट्या, एकाच विषयाच्या दुकानांत माहिती आणि सेवा खरंच चांगली मिळते का?

नळ, कुलपं, स्क्रू अशा गोष्टींसाठी मोठ्या दुकानात जावं की त्याच विषयाचं छोटं दुकान शोधावं, आणि छोट्या दुकानदाराला जास्त कळतं हा निव्वळ जुन्या आठवणींत रमणाऱ्यांचा समज आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी प्लंबिंगच्या सामानाच्या छोट्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलोय, आणि नंतर एका मोठ्या साखळी दुकानातही काम केलंय. समज अगदीच खोटा नाही. फक्त त्यामागचं कारण लोक सांगतात ते नाही.

लोक म्हणतात, छोट्या दुकानदाराला धंद्याची तळमळ असते आणि मोठ्या दुकानातला पोरगा पगारापुरता उभा असतो. मला हे पटत नाही. मोठ्या दुकानातही मनापासून काम करणारे पुष्कळ होते. फरक वेगळ्या ठिकाणी आहे: विकलेली वस्तू चालली नाही, की ते कोणाच्या कानावर पडतं?

छोट्या दुकानात विकणारा तोच, आणि दुसऱ्या दिवशी गळका नळ हातात घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं ऐकून घेणाराही तोच. कुठला वॉशर कुठल्या नळात टिकत नाही, कुठल्या कंपनीची बिजागरी दमट हवेत आखडते, हे त्याला लोकांच्या वैतागातून कळत जातं. मोठ्या दुकानात परत आलेला माल वेगळ्या काउंटरवर जातो. तिथे बारकोड वाचला जातो, कारणाच्या रकान्यात ‘नको होतं’ किंवा ‘सदोष’ निवडलं जातं, पैसे परत मिळतात, संपलं. ज्याने ती वस्तू सुचवली होती तो चार रांगा पलीकडे उभा असतो आणि तीच वस्तू पुढच्या माणसाला सुचवत असतो. त्यात आज रंगांच्या विभागात, पुढच्या महिन्यात विजेच्या, अशी बदली होत राहिली, तर शिकणार कधी?

या माहितीने नेमका काय फरक पडतो ते एका उदाहरणावरून सांगतो, कारण ‘अनुभव’ हा शब्द फार मोघम आहे. अर्धा इंची नळजोडणी घ्या. तिच्या बाहेरच्या आट्यांवर मोजपट्टी ठेवली तर व्यास जवळजवळ 21 मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. अर्धा इंच हे नाव जुन्या पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे. घरी नीट मोजून आलेला माणूस मोठ्या दुकानात स्वतःच्या मापावर विश्वास ठेवतो, पाऊण इंची पाकीट उचलतो, आणि घरी जाऊन डोक्याला हात लावतो. मापाची भानगड सुटली तरी आट्यांची उरतेच. ब्रिटिश पद्धतीच्या बीएसपी आट्यांचा कोन 55 अंशांचा, अमेरिकी एनपीटी आट्यांचा 60 अंशांचा. (55 अंश ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये सुचवले, 60 अंश अमेरिकी अभियंता विल्यम सेलर्सने 1864 मध्ये, प्लंबर अजून त्याची फळं भोगतायत.) अर्ध्या इंचाच्या मापात दोन्हींचे इंचाला आटे मात्र 14च. त्यामुळे एक दुसऱ्यात शिरतं, काही फेरे फिरतं, बसल्यासारखं वाटतं. पाणी सोडलं की थेंब थेंब सुरू, मग टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा.

ही माहिती पाकिटावर नसते असं नाही. ‘बीएसपी’ ही अक्षरं छापलेली असतात. पण काय विचारायचं हेच ज्याला माहीत नाही, त्याला त्या अक्षरांचा काय उपयोग? एकाच विषयात मुरलेला दुकानदार जुना तुकडा हातात घेतो, आटे मोजायची पत्ती लावतो किंवा नुसती नखाने चाचपणी करतो, आणि विचारतो, ‘हे कशातून काढलंत?’ या प्रश्नाला मी सेवा म्हणतो. हसून स्वागत करणं, पिशवी गाडीपर्यंत नेऊन देणं, हे छान आहे, पण त्याने गळती थांबत नाही.

स्क्रूचंही असंच. तुम्ही गंज न धरणारे स्क्रू मागता. मोठ्या दुकानात तुम्हाला स्टेनलेसची रांग दाखवतात, आणि त्यात चूक काहीच नाही. जाणकार विचारतो, ‘कुठे लावणार?’ समुद्राजवळ किंवा पोहण्याच्या तलावापाशी लावायचे असतील तर तो 304 ऐवजी 316 प्रतीचे देतो, कारण 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि क्षारापुढे ते जास्त टिकतं. स्क्रू धरून ठेवायला भिंतीत ठोकायच्या प्लगबद्दल विचारलंत तर भिंत कशाची आहे हे विचारल्याशिवाय तो डबा उघडत नाही. विटेत घट्ट बसणारा साधा प्लग पोकळ जिप्समच्या भिंतीत नुसता फिरत राहतो.

आता मोठ्या दुकानांची बाजू, कारण ‘मोठं म्हणजे अडाणी’ हे इतिहासालाही धरून नाही. होम डेपो ही अमेरिकेतली मोठी हार्डवेअर साखळी 1978 मध्ये सुरू झाली आणि 1979 मध्ये अटलांटात तिची पहिली दुकानं उघडली, तेव्हा प्लंबिंग, सुतारकाम, वायरिंग जाणणारी माणसं दुकानात उभी करायची हाच तिच्या धंद्याचा कणा होता. गोदामाएवढं दुकान आणि त्यात जाणकार माणूस, हे दोन्ही एकत्र जमू शकतं. 2000 च्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिकमधून रॉबर्ट नार्डेली प्रमुख म्हणून आले. खर्चाला कात्री लागली, पूर्णवेळ अनुभवी लोकांच्या जागी अर्धवेळ माणसं वाढली. नफा वाढत राहिला, पण 2005 च्या ग्राहक-समाधान निर्देशांकात कंपनी प्रतिस्पर्धी लोव्सच्या बरीच खाली गेली. 2007 च्या जानेवारीत नार्डेली गेले आणि नंतरच्या व्यवस्थापनाने पुन्हा दुकानातल्या माणसांकडे लक्ष वळवलं. इमारत तीच, माल जवळपास तोच. बदलली ती माणसं, आणि फरक गिऱ्हाइकाला लगेच जाणवला.

उलट छोट्या दुकानांचे दोष मी जवळून पाहिलेत, आणि ते किरकोळ नाहीत. पहिला, तोरा. नवख्या माणसाने वस्तूचं नाव चुकीचं घेतलं की मागून खसखस पिकते. बाई एकटी आली असेल तर ‘घरातल्या कोणाला तरी पाठवा’ असं ऐकवणारे महाभाग मी पाहिलेत. अशा माणसाच्या ज्ञानाचं काय लोणचं घालायचंय? दुसरा दोष, जे दुकानात आहे तेच तुमच्यासाठी योग्य ठरतं. आणि तिसरा, जुनी माहिती. पुश-फिट जोडण्या (आटे न फिरवता पाइप नुसता दाबून बसवायच्या) आल्या तेव्हा कितीतरी जुन्या दुकानदारांनी त्या न वापरताच निकालात काढल्या. तक्रारीतून शिकणाऱ्याला जी वस्तू तो विकतच नाही तिच्याबद्दल काहीच कळत नाही, हे माझ्याच मुद्द्याचं दुसरं टोक.

मोठ्या दुकानात निदान कोणी तोंडाकडे बघत नाही. निवांत उभं राहून चार पाकिटं वाचता येतात, किंमत लिहिलेली असते, आणि परत द्यायला गेलं की वाद नाही. ड्रिल मशीन, शिडी, रंग, मोजपट्टी यांसाठी मी स्वतः तिथेच जातो.

तेव्हा मी असं ठरवतो. वस्तूचं नाव आणि माप माहीत असेल तर मोठं दुकान. नुसती तक्रार माहीत असेल, ‘नळ बंद केला तरी टिपकतो’, ‘कुलपात किल्ली अर्धीच फिरते’, तर त्या विषयाचं छोटं दुकान. जुन्या वस्तूचा सुटा भाग हवा असेल तर प्रश्नच नाही. मोठ्या साखळीला फळीची प्रत्येक वीत पटापट खपणाऱ्या मालाने भरावी लागते. वर्षातून दोनदा विकला जाणारा नळाचा कार्ट्रिज (नळाच्या आतला, पाणी सोडणारा-अडवणारा भाग) तिथे टिकत नाही. छोट्याच्या खणात तो धूळ खात पडलेला असतो, आणि कुठल्या खणात ते त्याला पाठ असतं.

जाताना फोटोपेक्षा मूळ भागच काढून न्या. फोटोवरून आटे मोजता येत नाहीत. दाराच्या सिलिंडर कुलपाची एकूण लांबी सांगून भागत नाही. मधल्या स्क्रूपासून दोन्ही बाजूंची लांबी वेगवेगळी लागते. भिंतीबद्दल विचारणार असाल तर एक छोटं भोक पाडून पडलेली पूड कशी आहे ते बघून जा. लाल असेल तर वीट, करडी आणि ड्रिलला दाद न देणारी असेल तर बहुतेक काँक्रीट. कंत्राटदारांची सकाळची गर्दी ओसरल्यावर गेलात तर दुकानदार दोन वाक्यं जास्त बोलतो. आणि मोठ्या दुकानातच जायचं ठरलं तर त्या विभागात असा माणूस शोधा जो वस्तूकडे बोट दाखवण्याआधी तुम्हाला काहीतरी विचारतो. बहुतेक ठिकाणी एखादा असतो, आणि बाकीचे कर्मचारीही अडलं की त्यालाच विचारायला जातात.

गॅसची जोडणी आणि विजेचा मुख्य बोर्ड मात्र कुठल्याच काउंटरवर विचारून स्वतः करू नका. तिथे परवानाधारक माणूस बोलवा आणि सामानही त्यालाच आणू द्या.