कार्थुशियन मठात नव्याने येताना

कार्थुशियन म्हणजे बहुतेक वेळ आपापल्या खोलीत एकट्याने, मौनात राहणारे कॅथलिक साधू. इथे नव्याने येताना झोप आधी सांभाळा. रात्री आठच्या सुमारास आडवे व्हा, कारण साडेअकराला उठून मध्यरात्रीनंतर चर्चमध्ये दोन-तीन तासांची प्रार्थना असते. मग पुन्हा झोप. संध्याकाळी वाचत बसणारा काही आठवड्यांतच ढेपाळतो आणि त्यालाच आध्यात्मिक कोरडेपणा समजतो. जेवण खोलीच्या झरोक्यातून येतं. काही हवं असेल तर तिथेच चिठ्ठी ठेवा. लाकडं फोडणं, बाग खणणं टाळू नका, नुसत्या वाचनाने डोकं जड होतं. आठवड्यातला लांब फेरफटका मात्र कधीच चुकवू नका. जोडीने चालायचं, बोलायचं, जोडीदार बदलत राहायचे. आवडत्यालाच चिकटलात, की उरलेल्यांविषयी मनात साचलेलं खोलीत सोबत येतं आणि तिथला एकांत नासतो.