महाराष्ट्र सरकार आपल्या कराचा पैसा कुठे खर्च करतं? शेजारच्या राज्यांपेक्षा आपण कमी पडतो का?

तुम्ही विचारलंय की महाराष्ट्र देशात सगळ्यात जास्त जीएसटी गोळा करून देतो, मग आपल्या वाट्याला इतर राज्यांपेक्षा जास्त काही का दिसत नाही. मी तीस वर्षं कोषागारात बिलं तपासली, आता निवृत्त होऊन कोल्हापुरात असतो. प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी घरातलं सांगतो. माझी धाकटी बहीण निपाणीला दिली आहे. इथून चाळीसेक किलोमीटर. बोली आमचीच, शिवारात ऊसच. पण राज्य बदललं. तिला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून महिन्याला 2000 रुपये मिळतात आणि बेळगावला जायला बसचं तिकीट पडत नाही. इकडे आमच्या शेजारच्या काकूंना लाडकी बहीणचे 1500 रुपये येतात, एसटीला अर्धं तिकीट लागतं. राखीपौर्णिमेला दोघी आमच्या सोप्यात बसल्या होत्या. बहीण म्हणाली, "दादा, मुंबई तुमच्याकडं, मग तुमचं सरकार आमच्यापेक्षा कमी कसं देतं?" तुमचा प्रश्न वाचला आणि तीच आठवली.

आता आकडे. 2025-26 चा अर्थसंकल्प 10 मार्च 2025 ला विधिमंडळात मांडला गेला तो 7 लाख कोटींचा. महसुली जमा 5,60,964 कोटी, महसुली खर्च 6,06,855 कोटी. म्हणजे रोजचा घरखर्चच मिळकतीपेक्षा 45,891 कोटींनी जास्त, आणि ती तूट कर्जातून भरायची. रस्ते, धरणं, इमारती असा टिकाऊ भांडवली खर्च 93,165 कोटी, म्हणजे शंभरातले तेरा रुपये. बातम्यांत मात्र बहुतेक चर्चा या तेरा रुपयांचीच असते.

जमेच्या बाजूला आपण खरंच भक्कम आहोत. महसुलातले शंभरातले सत्तरेक रुपये राज्य स्वतःच्या करांतून उभे करतं: जीएसटीतला राज्याचा हिस्सा, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क, वाहन कर. बिहारचं नेमकं उलटं आहे, तिथे शंभरातले पाऊणशे दिल्लीहून येतात. केंद्राच्या वाटणीयोग्य करांपैकी 41 टक्के राज्यांना मिळतात. ही वाटणी वित्त आयोग ठरवतो. मार्च 2026 पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रानुसार त्यातला उत्तर प्रदेशचा वाटा 17.9 टक्के, बिहारचा 10 आणि आपला 6.3 होता. त्या सूत्रात सर्वात मोठं वजन, 45 टक्के, दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला होतं. राज्य जितकं गरीब, तितका वाटा मोठा. यावर आपल्याकडे फार चिडचिड होते. मला ती पटत नाही. मुंबई-पुण्याचा कर गडचिरोली-नंदुरबारला जातो तेव्हा आपण त्याला न्याय म्हणतो, मग राज्याची हद्द ओलांडली की तो अन्याय कसा होईल? केंद्र करांवर जे उपकर आणि अधिभार (सेस, सरचार्ज) लावतं ते मात्र या वाटणीत येतच नाहीत, आणि तिथे राज्यांची तक्रार रास्त आहे.

आता खर्च. जमा झालेल्या पैशातून निम्म्याहून जास्त रक्कम पगार, निवृत्तिवेतन आणि व्याजात जाते. मीही पेन्शन घेतो, त्यामुळे हे सांगताना मी बाजूला उभा नाही. पण पगार म्हटलं की लोकांना मंत्रालयातले बाबू दिसतात, ते चुकीचं आहे. त्यात सर्वात मोठा गठ्ठा शिक्षकांचा असतो. महाराष्ट्रात हजारो खासगी शाळा अनुदानित आहेत, त्यांच्या शिक्षकांचा पगार सरकारच करतं. म्हणून शिक्षणावरचा आपला खर्च राज्यांच्या सरासरीच्या आसपास दिसतो. ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथे राहून मी या खर्चाला उधळपट्टी म्हणणार नाही.

व्याजाच्या बाबतीत आपण अजून बरे आहोत. महाराष्ट्राचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेलंय, आकडा ऐकून छाती दडपते, पण राज्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहिलं तर ते पंजाबच्या निम्म्याहूनही कमी भरतं. पंजाबचे शंभरातले वीसहून जास्त रुपये नुसत्या व्याजात जातात, आपले बाराच्या आसपास. पंजाबने 1997 पासून शेतीला मोफत वीज दिली, मधे काही वर्षं ती बंद झाली, पण पुन्हा सुरू करावीच लागली. आपण 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केली, वर्षाला सुमारे 14,760 कोटींचा बोजा. शेतकऱ्याला याचा आधार आहे हे मी डोळ्यांनी पाहतो, जरी आमच्या नदीकाठच्या उपसा योजनांचे मोठे पंप यात बसत नसले तरी. पण बारा रुपये व्याजाचे वीस व्हायला किती वर्षं लागतात, हे पंजाबकडून शिकावं.

लाडकी बहीणसाठी 2025-26 मध्ये 36,000 कोटी ठेवले. मध्य प्रदेश, तमिळनाडू, बंगाल, कर्नाटक, सगळीकडे अशी योजना आहे, रकमा तेवढ्या वेगळ्या. मी या योजनेच्या विरोधात नाही. काकूंच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यातले पैसे आले, हे लहान नाही.

पण त्या 1500 चं पुढे काय झालं ते ऐका. काकूंच्या नवऱ्याला साखर आणि बीपी. सरकारी दवाखान्यात दाखवतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, चांगलाच निर्णय. डॉक्टरांनी चार गोळ्या लिहिल्या. दोन खिडकीवर मिळाल्या, दोन चिठ्ठीवर लिहून आल्या, "बाहेरून घ्या." ती चिठ्ठी काकूंनी मला दाखवली, मागच्या बाजूला मेडिकलवाल्याने पेनने हिशेब केला होता: 1140. लाडकी बहीण जमा झाल्याचा मेसेज त्याच सकाळी आला होता. महात्मा फुले योजनेत दवाखान्यात भरती होऊन करायच्या उपचाराला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण रोजच्या गोळीला नाही.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितलं होतं की 2020 पर्यंत बजेटचे 8 टक्के आरोग्यावर न्या. राज्यांची सरासरी सहाच्या थोडी वर रेंगाळतेय, आणि महाराष्ट्र, एवढं कमावणारं राज्य, त्या सरासरीच्याही खाली आहे. तमिळनाडूने 1994 साली औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, गोदामं उभारली, कुठल्या दवाखान्यात कुठली गोळी किती उरली याची नोंद ठेवायला सुरुवात केली. असं स्वतंत्र प्राधिकरण कायद्याने उभं करायला आपल्याला 2023 उजाडलं. तमिळनाडूची अर्थव्यवस्था आपल्यापेक्षा मोठी नाही. तिथे या कामाला तीस वर्षांपूर्वी महत्त्व दिलं गेलं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मार्चमध्ये मांडतात तो अंदाज असतो. मग पुरवणी मागण्या येतात, सुधारित अंदाज येतो, आणि प्रत्यक्ष खर्च काय झाला ते फार उशिरा कळतं. माझ्या नोकरीतल्या जवळजवळ प्रत्येक 31 मार्चची रात्र मला आठवते. वर्षभर ज्या लेखाशीर्षावर, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यावर, निधी नव्हता, त्यावर संध्याकाळी सहा-सातला निधी पडायचा आणि लोक बिलांचे गठ्ठे घेऊन धावत यायचे. एकदा एक औषध भांडारातला कर्मचारी रात्री साडेदहाला आला. वर्षभर पाठपुरावा केलेली रक्कम अखेर आली होती, पण तेवढ्या वेळात मागणी, दरपत्रक, पुरवठा काहीच बसत नव्हतं. पैसे समर्पित झाले, म्हणजे न वापरताच सरकारकडे परत गेले. कागदावर आरोग्याला तरतूद होती, खर्चात ती उतरलीच नाही. म्हणून राज्याराज्यांची तुलना करताना तरतुदीचा रकाना सोडा, प्रत्यक्ष खर्चाचा बघा. रिझर्व्ह बँक दरवर्षी सगळ्या राज्यांच्या अर्थसंकल्पांचा अभ्यास काढते, त्यात दोन्ही शेजारी शेजारी मिळतात. आणि आपल्या राज्याच्या बीम्स प्रणालीवर कुठल्या खात्याला किती निधी वितरित झाला आणि किती खर्ची पडला ते कोणालाही पाहता येतं.

महाराष्ट्राला हे जमत नाही असं कृपा करून समजू नका. पगाराच्या स्लिपवर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो 1975 साली लागू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी. 1972 च्या दुष्काळात माणसं खडी फोडत होती, तेव्हा वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना राज्याने उचलली. तिचा छोटा प्रयोग त्यांनी आधी आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला होता. शहरातल्या नोकरदाराने कर द्यायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि खेड्यातल्या माणसाने मागितलं की काम द्यायचं. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशाने तीच वाट धरली. कर कशासाठी घेतोय हे तेव्हा भरणाऱ्याला सांगितलं होतं. कुणाकडून घ्यायचा आणि कुणाला द्यायचा, दोन्ही त्यात स्पष्ट होतं.

बहिणीला मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, की तुझे 500 जास्त आहेत हे खरं, पण निपाणीच्या सरकारी दवाखान्यात भावोजींच्या गोळ्या मिळतात का ते आधी सांग. ती म्हणाली, "कधी मिळतात, कधी नाही." काकूंनी मान हलवली आणि पिशवीतून ती चिठ्ठी काढून तिच्यासमोर ठेवली.