दोनदाच की दर दोन तासांनी?

अगं, वजन कमी करायला कोणाचं ऐकायचं, विचारतेस ना? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण उरका. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात दर दोन तासांनी थोडं थोडं खा. दोन्ही एकदम पाळू नकोस. मी पाळलं होतं: सकाळी कडकडीत उपास आणि संध्याकाळी फरसाणाचा डबा साफ! आधी आठवडाभर नुसतं लिहून ठेव. चहाचे कप, त्यातली साखर, फोडणीचं तेल. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणून पळी सोड आणि चमचा घे. बिचाऱ्या भाताला उगाच शिव्या बसतात. पण एकादशीची साबुदाणा खिचडी, दाण्याचं कूट घालून, काही हलकी नसते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचार, साखर फार उतरू शकते. वजनकाटा रोज नको, रविवारी सकाळी पुरे.