गुन्हा नोंदवणे ही पोलिसांची मर्जी नव्हे
(वाचकांचे कायदेविषयक प्रश्न)

प्रश्न : एसटीत चढताना गर्दीत माझ्या गळ्यातील दोन तोळ्यांचे मंगळसूत्र कोणीतरी तोडून नेले. जवळच्या पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा ‘बसस्थानक आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगून मला दुसरीकडे पाठवण्यात आले. तेथे दोन तास बसवून ठेवल्यावर ‘दागिना गहाळ’ अशी नोंद करून दाखला हातात दिला. याला एफआयआर म्हणता येईल का? आता काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नाही, याला एफआयआर म्हणता येणार नाही. आपला दागिना हरवलेला नाही, चोरीला गेला आहे. गहाळ नोंदीला गुन्हा क्रमांक नसतो आणि तपास अधिकारीही नेमला जात नाही. सिमकार्ड किंवा गुणपत्रिका पुन्हा मिळवण्यासाठी असा दाखला उपयोगी पडतो, पण चोर शोधण्याचे बंधन त्यामुळे कोणावरही येत नाही.

हद्दीचे कारण तर आता अजिबात टिकणारे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच म्हटले आहे की, दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीविना करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ते ठाणे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवते आणि कागद संबंधित ठाण्याकडे वर्ग करते. तक्रार ई-मेलनेही पाठवता येते. मात्र तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन त्यावर सही केली, तरच ती नोंदीवर घेतली जाते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. चोरीला गेलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, चोराचा तो पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल परत केला, तर नव्या कायद्याने समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे आणि हा प्रकार अदखलपात्र मानला आहे. या तरतुदीवर बोट ठेवून किरकोळ चोरीच्या तक्रारदाराला एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर) वाटेला लावले जाण्याची शक्यता आहे. वास्तविक चोर सापडण्याआधीच त्याचा हा पहिला गुन्हा आहे, हे ठाणे अंमलदाराला कसे कळणार? आपल्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण दोन तोळे सोन्याची किंमत त्या मर्यादेच्या कितीतरी पट आहे.

आता आपण साध्या कागदावर सविस्तर फिर्याद लिहावी. त्यात बसचा मार्ग, वेळ, मागेपुढे उभ्या असलेल्या माणसांचे वर्णन आणि दागिन्याचे वजन द्यावे आणि सराफाच्या पावतीची प्रत जोडावी. ‘चोरीला गेले’ असेच शब्द वापरावेत. ‘गहाळ झाले असावे’ असे लिहून देण्याचा आग्रह झाल्यास नम्रपणे नकार द्यावा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का यांसह पोच घ्यावी. ठाण्याने तरीही गुन्हा नोंदवला नाही, तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालय असल्यास परिमंडळाच्या उपायुक्तांकडे पाठवावी. त्यानंतरही दखल घेतली गेली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. अधीक्षकांकडे तक्रार केल्याचा पुरावा नसेल, तर तो अर्ज बहुधा तेथेच अडतो, म्हणून टपालाची पावती जपून ठेवावी.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात हा वाद निकालात काढला आहे. माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर तो नोंदवणे बंधनकारक आहे. माहिती खरी की खोटी, हे तपासात ठरवायचे असते. तरीही टाळाटाळ होते, याचे एक कारण मासिक गुन्हे आढाव्यात दडलेले आहे. नोंदलेले गुन्हे वाढले की प्रभारी अधिकाऱ्याला जाब विचारला जातो, आणि न नोंदवलेल्या गुन्ह्याचा हिशेब कोणीच मागत नाही. नोंदींची वाढ म्हणजे गुन्हेगारीची वाढ असे समजू नये, असा खुलासा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या अहवालात करत असतो. तो वरिष्ठांच्या बैठकीत कोणी मोठ्याने वाचून दाखवला तर बरे होईल.

प्रश्न : सामान्य माणसाला ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, मग विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्या विडंबनगीतावर रातोरात गुन्हा कसा नोंदला गेला? गुन्हा नोंदवणे बंधनकारक असेल, तर त्यातही पोलिसांचे चुकले असे म्हणता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मार्च २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनावरून खारमधील स्टुडिओची तोडफोड झाली. शिवसेनेच्या आमदारांच्या तक्रारीवरून अंधेरीच्या एमआयडीसी पोलिसांनी कामरा यांच्याविरुद्ध शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवला आणि तो खार पोलिसांकडे वर्ग केला. तोडफोड करणाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. त्यात अटक झालेल्यांना त्याच दिवशी जामीन मिळाला. वरच्या पत्रातील वाचक भगिनींना जी तरतूद कोणी सांगितलीही नाही, तीच येथे किती तत्परतेने अमलात येते, हे पाहण्यासारखे आहे.

मात्र केवळ तत्परतेला दोष देऊन भागणार नाही. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करून मग गुन्हा नोंदवायचा की नाही हे ठरवण्याची मुभा कलम १७३ च्या तिसऱ्या पोटकलमात आहे. कामरा यांच्यावर लावलेले सार्वजनिक अपप्रवृत्तीस चिथावणी देणाऱ्या विधानांचे भारतीय न्याय संहितेतील कलम ३५३ तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे असल्याने याच पट्ट्यात येते. सोबतचे बदनामीचे कलम तर एरवी अदखलपात्रच आहे. योगायोग असा की, त्याच आठवड्यात, २८ मार्च रोजी, न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्याविरुद्ध एका कवितेवरून जामनगर येथे नोंदलेला गुन्हा रद्द केला आणि बोलण्या-लिहिण्याशी संबंधित अशा गुन्ह्यांत आधी ही चौकशी करणे केव्हाही उचित, असे सांगितले. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या कसोटीवर तपासावा, डळमळीत मनाच्या नव्हे, असेही त्या निकालात आहे. चोरीची फिर्याद घेताना विचार करत बसणे आणि विडंबनगीतावर विचार न करता गुन्हा नोंदवणे, हे माझ्या मते कायद्याचे उलटे वाचन आहे. कामरा यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये तपास चालू ठेवण्यास मुभा देऊन अटकेपासून संरक्षण दिले.

प्रश्न : पोलीसच संशयित असतील, तर फिर्याद कोणी घ्यायची? बदलापूर आणि परभणी या दोन्ही प्रकरणांत उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, तो का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : बदलापूर प्रकरणाची सुरुवातच विलंबाने झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळत राहावे लागले. अशी तक्रार न नोंदवणे हा पोक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. पुढे २३ सप्टेंबर रोजी त्या प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मरण पावला. दंडाधिकारीय चौकशीच्या अहवालात वाहनातील पाच पोलिसांवर ठपका ठेवला गेला. तरीही शासनाचे म्हणणे होते की, अकस्मात मृत्यूची नोंद आहे आणि तिचा तपास चालू आहे. आरोपीच्या आई-वडिलांनी तर खटला पुढे चालवायचा नाही, असेही सांगितले. ७ एप्रिल २०२५ रोजी न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. नीला गोखले यांनी ललिता कुमारी निकालाचाच आधार घेऊन विशेष पथकाद्वारे गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले. दखलपात्र गुन्ह्यात फिर्यादीने माघार घेतली तरी शासनाचे कर्तव्य संपत नाही, हा त्यातील महत्त्वाचा भाग होय. विशेष पथक कोणी नेमायचे, एवढ्यापुरता बदल सर्वोच्च न्यायालयाने नंतर केला.

परभणीत कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला आणि शवविच्छेदनात अनेक जखमांची नोंद झाली. त्याच्या आईच्या याचिकेवर औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले; त्याविरुद्धची राज्य शासनाची याचिका ३० जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. एफआयआर म्हणजे दोषारोप सिद्ध झाल्याचा दाखला नव्हे, ती तपासाची पहिली पायरी आहे. एरवी प्रत्येक आरोपीला हेच सांगणारी यंत्रणा आपल्या माणसांच्या बाबतीत मात्र पहिल्या पायरीलाच हरकत घेते.

प्रश्न : एफआयआरची प्रत मिळवण्यासाठी शुल्क भरावे लागते का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. फिर्यादीला तसेच पीडित व्यक्तीला ती विनामूल्य आणि लगेच द्यायची असते. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवण्याचे आदेशही सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेले आहेत. सही करण्यापूर्वी मात्र मजकूर पूर्ण वाचून घ्यावा.